खरी गोळी, खोटी गोळी

अण्णाच्या तळहाताची साल पहिल्यांदा निघाली तेव्हा वैनीनं शिरा केला होता. हे कुणाला सांगितलं की ऐकणारा माणूस क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहतो. भावाचे हात सोलवटले म्हणून घरात गोडधोड कसं काय? मग मला मागं जाऊन सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचं माहेर हुपरीचं. तिथं घरोघरी चांदीचं काम चालतं, तसं आमच्याही घरी चालायचं. पुढच्या खोलीत अण्णा पैंजणाच्या कड्या झाळायचा, म्हणजे आगीच्या बारीक फुंकरीनं एक कडी दुसरीला जोडायचा, आणि मधल्या खोलीत बसून वैनी घुंगरू ओवायची. मी शिकून शिक्षिका झाले, लग्न करून कोल्हापुरात शिवाजी पेठेत आले. माहेरची बोली निम्मी कानडी. अण्णानं मला कधी नावानं हाक मारली नाही, तो ‘तंगी’ म्हणायचा. तंगी म्हणजे धाकटी बहीण. आमची आई, म्हणजे अव्वा, गेल्यावर माहेरच्या बोलीत मला हाक मारणारा तो एकटाच उरला होता.

दुखणं सुरू झालं ते कामावरच. बसल्या जागी चक्कर येऊन तो आडवा झाला. महिनाभर शौचाला काळं होत होतं, ते त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. कोल्हापुरात तपासण्या झाल्या, लहान आतड्याला गाठ निघाली, ऑपरेशन झालं. गाठ वेगळ्याच जातीची होती. डॉक्टरांनी कागदावर आतड्याची नळी काढून दाखवली. ही गाठ आतल्या अस्तरातून उगवत नाही, नळीच्या भिंतीतून उगवते. हिला केमोची सलाईनं लागू पडत नाहीत. पण हिच्यासाठी एक गोळी आहे, ती रोज घ्यायची.

त्या गोळीवर अण्णाची बरीच वर्षं चांगली गेली. एवढी चांगली की त्याला काही झालंय हे आम्ही विसरलो. त्रास म्हणाल तर सकाळी डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखी सूज यायची. गल्लीतली माणसं थट्टा करायची, “काय अण्णा, काल जास्त झाली काय?” आणि अण्णा म्हणायचा, “रोज एकच घेतोय की, पन इमानदारीत घेतोय.”

मग एका तपासणीत यकृतावर ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, गाठ औषधाला सरावली. दुसरी गोळी सुरू केली. तिनं तोंड आलं, जेवण सुटलं, अण्णा वाळला आणि गाठी मात्र थांबल्या नाहीत. त्या स्कॅनच्या दिवशी डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला व वैनीलाही आत बोलावून घेतलं.

“बाजारात आहे त्यातलं फारसं काही उरलेलं नाही,” ते म्हणाले. “पण एक नवीन गोळी आहे. अजून तिची परीक्षा चाललीय. ज्यांच्या गाठी जुन्या गोळ्यांना दाद देत नाहीत, अशाच लोकांवर. आपल्या दवाखान्यातही ती ट्रायल सुरू आहे.”

“द्या की मग,” अण्णा म्हणाला.

“ऐकून घ्या काका. काही जणांना खरी गोळी मिळते, काहींना दिसायला अगदी तशीच, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, हे कॉम्प्युटर ठरवतो. तुम्हाला सांगत नाहीत आणि मलाही सांगत नाहीत.”

अण्णानं वैनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हंजे मला खडूबी मिळंल?”

“मिळू शकेल. पण तसं कायमचं सोडत नाही. मध्ये मध्ये स्कॅन करतो. गाठी वाढलेल्या दिसल्या की कुणाची गोळी कुठली होती ते उघडतो. खोटी असली तर लगेच खरी सुरू करतो.”

“आनि खरी आसूनबी वाढल्या तर?”

“तर ती बंद करायची.”

“मग?”

“मग तुम्हाला त्रास होऊ नये एवढं आम्ही बघत राहायचं.”

वैनी मध्येच म्हणाली, “आवो डॉक्टर, आजारी मानसाला खोटी गोळी द्यायची म्हंजे काय रीत हाय?” त्यावर डॉक्टरांनी समजावलं की तसं केल्याशिवाय औषधानं फरक पडला की आपोआप पडला, हे कळत नाही. वैनीला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं होतं असं नाही. पण दुसरीकडे काय होतं? नको म्हणायचं म्हटलं तर पुढ्यात काहीच नव्हतं, आणि हो म्हणायचं म्हटलं तर निदान दर काही दिवसांनी कोल्हापूरला यायचं, कुणीतरी तपासायचं, कुणीतरी विचारायचं, एवढं तरी होतं.

संमती घेतात ती कॅमेऱ्यासमोर. एका लहान खोलीत अण्णाला खुर्चीवर बसवलं. ट्रायलचं काम बघणाऱ्या बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणायचे, त्यांनी पानामागून पान वाचून दाखवलं. हात-पाय लाल होतील, सालं निघतील, रक्तदाब वाढेल, जुलाब होतील, केस पांढरे होतील. शेवटी त्यांनी विचारलं, “तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा.”

अण्णा कॅमेऱ्याकडे न बघता मॅडमकडे बघून म्हणाला, “ह्या गोळीनं गुन येतोय का न्हाय, हे तुमाला म्हाईत न्हाय. ते बगायला तुमाला मानसं पायजेत, त्यातला मी एक. गुन आला तर माजं नशीब.”

“तुमच्यावर कुणी जबरदस्ती केलीय का?”

“गाठीनं केलीया. तुमी न्हाय.”

मॅडमना हसू आलं. त्यांनी कॅमेरा बंद केला आणि खाली मान घालून कागद आवरत बसल्या.

बाहेर आल्यावर रंकाळा तलावाच्या बाजूनं गार वारं येत होतं. रिक्षाची वाट बघत उभे असताना अण्णानं दोन्ही तळहात माझ्यापुढं धरले. “तंगी, आता हे सोलाय पायजेत बग. सोलले की समजायचं, आपल्याला खरी मिळाली.”

तिथून आमच्या घरात हात बघायची रीत पडली. अण्णा रोज सकाळी अंघोळ करून इष्टलिंगाच्या पूजेला बसायचा. आमच्यात लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. पूजा झाली, लिंग परत गळ्यातल्या डबीत गेलं, की तो हात उजेडात धरून बघत बसायचा. वैनी आतून विचारायची, “काय?” तो म्हणायचा, “काय न्हाय.” मी शाळेतून आल्यावर फोन करायचे आणि तेच विचारायचे. तेव्हा आमचं दुसरं बोलणंच नव्हतं. बरं वाटतंय का, जेवलास का, हे सगळं त्याच्यानंतर.

मग एका सकाळी वैनीचाच फोन आला. मी शाळेत निघाले होते, पायात चप्पल घातलेली. “वन्सं, सोलले! दोन्ही हात सोलले! लालभडक झाल्यात बगा.” मी जिन्यातच बसले आणि रडले. खालच्या शेजारणीला वाटलं, अण्णा गेला.

दुपारनंतरची रजा टाकून मी एसटीनं हुपरीला गेले. अण्णा घराच्या पुढच्या सोप्यात मांडी घालून बसला होता, हात गुडघ्यांवर उताणे ठेवून, एखादी नवीन वस्तू आणून दाखवावी तसे. बोटांच्या मुळाशी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली होती. वैनीनं शिरा केला होता आणि ती त्याला चमच्यानं भरवत होती, कारण त्याला चमचा धरवत नव्हता.

पण आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. वैनीलाच शंका आली. झाळलेली चांदी काळी पडते, ती तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, पाण्यात बुडवून साफ करतात. जन्मभर त्या पाण्यात हात घालून कारागिरांचे हात तसेही फाटतात. ती म्हणाली, “आवो, ह्यो तेजाबाचा तर परताप नसंल? मागच्या वरसीबी तुमचा अंगठा सोललाता.”

अण्णाचा चेहरा उतरला. मग तो उठला, पुढच्या खोलीत गेला आणि ऐरणीवर फडकं टाकून आला. “कामच बंद. तेजाबाला हात लावत न्हाय. आता बगू.”

घरात हातावर हात ठेवून बसलेला अण्णा मी तोवर पाहिला नव्हता. तो दिवसभर कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून हात दाखवायचा. काम तुंबलं, गिऱ्हाईक दुसऱ्याकडं गेलं, त्याचं त्याला काही वाटेना. आणि हात आणखी सोलत गेले. पायाचे तळवेही पेटले. चप्पल घालवेना. विभूती तळहाताला लागली की आग आग व्हायची, तरी तो लिंग हातावरच घ्यायचा. शेवटी मठातले स्वामी घरी आले आणि मऊ कापडाची घडी हातावर ठेवून त्यावर लिंग घ्यायला त्यांनी सांगितलं, तेव्हा त्यानं ऐकलं. मला फोनवर म्हणाला, “खरी हाय, तंगी. येवढं दुखतंय म्हंजे खरीच हाय.”

तपासणीच्या आदल्या दिवशी तो आणि वैनी माझ्याकडे मुक्कामाला यायचे, सकाळी उपाशी पोटी रक्त द्यायचं असायचं. ट्रायलच्या लोकांना बसायला एक वेगळा बाक होता. त्या बाकावर आम्हाला कोडोलीचे एक गृहस्थ भेटले. ऊसशेती, दोन म्हशी, अण्णाच्याच वयाचे. त्यांना जठराला गाठ होती, त्याच जातीची. त्यांनाही पहिली गोळी लागू पडेनाशी झाली होती, मग दुसरीही. त्यांना दवाखान्यात सोडून त्यांचा मुलगा कामावर जायचा, म्हणून ते एकटेच बसलेले असायचे.

पहिल्याच भेटीत त्यांचं लक्ष अण्णाच्या हातांकडे गेलं.

“पावणं, बगू तुमचं हात.”

अण्णानं हात पुढं केले. त्यांनी ते आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ उलटे-सुलटे करून बघितले. त्यांचे स्वतःचे हात रापलेले, घट्टे पडलेले, पण धडधाकट.

“माजं तर काईच न्हाय की ओ,” ते म्हणाले. “गोळी चालू करून तुमच्याइतकंच दिस झालं. पायबी बराबर हायत. जुलाब न्हाय, काय न्हाय. झकास भूक लागतीया.”

भूक लागते हे सांगताना त्या माणसाचा आवाज कापत होता. वैनीनं पदराचं टोक तोंडात धरलं. अण्णा म्हणाला, “येतील, येतील. दम काढा. एकेकाचं आंग उशिरा घेतंय.” पण आम्हा सगळ्यांनाच कळत होतं, आणि त्यांनाही कळत होतं. घरी आल्यावर जिना चढताना अण्णा एका पायरीवर थांबून म्हणाला, “त्यास्नी बगून मला बरं वाटलं, तंगी. आनि बरं वाटलं म्हनून वंगाळ वाटलं.”

पहिल्या स्कॅनला अण्णाच्या गाठी होत्या तेवढ्याच निघाल्या. मॅडम ‘स्टेबल’ म्हणाल्या. हुपरीत अण्णानं तो शब्द सगळ्यांना सांगितला. कोडोलीकरांच्या वाढल्या होत्या. त्यांची गोळी उघडली तर खडूच निघाला, आणि त्यांना खरी सुरू झाली. हे त्यांनी स्वतःच फोन करून अण्णाला सांगितलं. दोघं फोनवर मोठ्यानं हसत होते. अण्णा ओरडून सांगत होता, “आता लोनी लावून ठेवा हाताला!”

दुसऱ्या स्कॅनच्या वेळी मी बरोबर होते. डॉक्टरांनी चित्रं कॉम्प्युटरवर लावली. मला त्यातलं काही कळत नाही, पण आधीचं आणि आताचं शेजारी ठेवल्यावर कुणालाही कळलं असतं. जुने ठिपके फुगले होते आणि पोटाच्या पडद्यावर नवीन आले होते.

“काका, वाढलंय,” डॉक्टर म्हणाले. “आता तुमची गोळी कुठली होती ते मी विचारून घेतो. कळवायला ते थोडे दिवस लावतात. तोवर गोळी थांबवू.”

ते दिवस अण्णा आणि वैनी माझ्याकडेच राहिले. माझं मन त्या दिवसांत कसं फिरलं ते मला नीट सांगता येणार नाही. आदल्या आठवड्यापर्यंत मी देवापुढं उभी राहून म्हणत होते, माझ्या भावाची गोळी खरी असू दे. आता त्याच देवापुढं उभी राहून म्हणत होते, खोटी असू दे, खडू असू दे. खोटी असली तरच पुढं काहीतरी शिल्लक होतं. खरी निघाली तर दार बंद. आणि एवढं मागताना डोळ्यांसमोर त्याचे हात दिसायचे.

वैनीनं तर सगळंच उलटं धरलं. “मी पयल्यापासनं सांगतीया, ह्यो तेजाबाचा परताप हाय,” ती माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता म्हणाली. “चाळीस वर्सं हात घातल्यात त्या पान्यात. काम सोडलं म्हनून काय लगेच जातंय व्हय? आत मुरलेलं हाय ते. गोळी खोटीच हाय वन्सं, बगा तुमी.” मी म्हटलं, “व्हय वैनी.” तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पुन्हा तेच सगळं सांगितलं. मीही पुन्हा व्हय म्हटलं.

अण्णा खिडकीशी बसून असायचा. पेठेत फुटबॉलचा हंगाम होता. मॅच जिंकून आलेली पोरं झेंडे नाचवत, हलग्या बडवत खालून जात होती. मी चहा घेऊन गेले तर त्यानं विचारलं, “कोन जिकलं गं?” मी सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. मग म्हणाला, “तुमी दोगी कशाला जिवाला खाताय? मला म्हाईत हाय की कुठली हाय ती.”

“तसं काय नसतंय, अण्णा. वैनी म्हनत्यात ते खरं आसंल.”

“आसंल,” तो म्हणाला आणि कप घ्यायला हात पुढं केला. मी कप त्याच्या हातात दिला नाही, ओठांशीच धरला.

निरोप आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून ठेवलं नाही, लगेच आत घेतलं. ते उभेच होते. “काका, गोळी खरीच होती.”

वैनी भिंतीला टेकली. अण्णानं हात वर करून स्वतःच्याच डोळ्यांसमोर धरले आणि म्हणाला, “म्हंजे मला बराबर कळलंतं.” त्याच्या आवाजात थोडासा जिंकल्याचा सूर होता. तो सूर मला अजून ऐकू येतो. नंतर मात्र त्याला ते पुरतं उमगलं असावं, कारण तो हळूच खुर्चीत बसला.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “मग माज्यावरनं काय कळलं तुमाला?”

“एकट्यावरून कळत नाही, काका. सगळ्यांचं मिळून कळतं.”

“कवा?”

“वेळ लागेल. सगळीकडच्या दवाखान्यांतून पूर्ण झाल्यावर.”

“मी आसताना?”

डॉक्टर त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरीकडे कुठं काही चाललंय का, मुंबईत, बंगळुरात, असं मी विचारलं. डॉक्टरांनी फोन केले, रिपोर्ट पाठवले. एका ठिकाणी यकृत बिघडलेलं चालत नव्हतं, दुसरीकडे आधी इतकी औषधं घेतलेली चालत नव्हती.

गोळी बंद झाली आणि अण्णाचे हात बरे व्हायला लागले.

ते बघणं फार वाईट होतं. सालं गळून गेली, खालून गुलाबी, मऊ कातडी आली, लहान मुलासारखी. पायांचे तळवेही भरून आले. त्याला चप्पल घालता यायला लागली, घास हातानं घेता यायला लागला. लिंगाखालची कापडाची घडी त्यानं बाजूला ठेवली. ज्या हातांकडं बघून आम्ही खुश झालो होतो, ते आता दिसागणिक सुधारत होते आणि पोट दिसागणिक फुगत होतं. वैनीला मी एकदा त्या हातांकडं बघताना पकडलं. तिनं घाईनं नजर वळवून सुपातलं धान्य चाळायला घेतलं.

हात चालायला लागल्यावर तो परत कामाला बसला. डोळे पिवळे व्हायला लागले होते, पाठीला दोन उशा लागायच्या, पण बसायचा. पैंजणांचे एक-दोन जोड त्यानं पुरे केले. मी म्हटलं, “कशाला त्रास घेतोस?” तर म्हणाला, “हात रिकामं ठेवून बसलो की पोटाकडं ध्यान जातंय.”

पुढं बसणंही होईना, त्या सुमाराला एका दुपारी कोडोलीकर आले. दोन एसट्या बदलून, एकटेच. मी रविवारची तिथंच होते. अण्णा तेव्हा सोप्यात खाटेवर असायचा. ते आत आले, पायातल्या चपला काढताना त्यांना वेळ लागला, आणि मग उंबऱ्याशीच घुटमळत राहिले. दोन्ही हात त्यांनी टॉवेलाखाली धरले होते. वैनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यांनी तो घेतला नाही. “ऱ्हाऊ दे वैनी, तान न्हाय,” असं काहीतरी पुटपुटले.

अण्णानं सगळं ओळखलं. “पावणं, बसा हितं.” त्यानं खाटेवर सरकून जागा केली. “आनि दावा की हात.”

“कशाला ओ.”

“दावा म्हनतोय न्हवं.”

त्यांनी टॉवेल काढला. तेच. बोटांच्या मुळाशी सुटलेली कातडी, मधे भेगा, लाल. अण्णानं आपल्या मऊ हातांत ते हात घेतले.

“स्क्यान झालं?” अण्णानं विचारलं.

“झालं.”

“मग?”

त्यांनी मान खाली घातली. एखादा गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले, “आकसल्यात म्हनं. थोड्या.”

वैनी उठून मागच्या दारी गेली. मी तिच्या मागं गेले नाही. अण्णाचा श्वास वर लागला होता. मग त्यानं विचारलं, “लोनी लावताय न्हवं?”

“लावतोय.”

“नुसत्या लोन्यानं भागत न्हाय. राती हातमोजं घालायचं. तंगी, माजं त्या फळीवर आसतील, दे ह्यास्नी. मला आता काय करायच्यात?”

मी पांढरे सुती मोजे आणून दिले. कोडोलीकरांनी ते घेतले आणि तो माणूस तिथंच, खाटेच्या कडेला बसून, हुंदके देऊन रडला. अण्णाच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. “आरं, तुमी कशाला रडताय? तुमी तर चांगलं झालाय.” नंतर ते गेले. एसटीपर्यंत मी सोडायला गेले. वाटेत ते एवढंच म्हणाले, “ताई, माजं मला कळंना, हितं यायला पायजे होतं का न्हाय.” मी म्हटलं, “आलात ते बरं केलं.”

त्या रात्री अण्णा नीट झोपला, असं वैनी सांगते. मला ते खरं वाटत नाही, पण मी तिला तसं म्हणत नाही.

पुढं फार दिवस लागले नाहीत. पोटातलं पाणी काढलं की चार दिवस बरं वाटायचं, परत भरायचं. शेवटी शेवटी त्यानं दवाखान्यात यायलाच नकार दिला, तेव्हा मी रजा टाकून हुपरीलाच राहिले. दुखू नये म्हणून डॉक्टरांनी औषध लिहून दिलं होतं, ते आम्ही वेळेवर द्यायचो. एवढंच आमच्या हातात होतं. एका सकाळी वैनी पेज घेऊन गेली तर त्यानं तिला खुणेनं थांबवलं आणि माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, काही सांगायचं असेल. मी कान जवळ नेला. नुसता श्वास होता. तोही थोड्या वेळानं थांबला. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. मठामागच्या जागेत त्याला बसवलं तेव्हा ऊन फार होतं आणि सगळी आळी आली होती.

त्यानंतर काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. ट्रायलमधून बाहेर पडलेल्या माणसांचीही त्यांना चौकशी ठेवावी लागते. अण्णानं माझा नंबर दिला होता.

“मॅडम, काका कसे आहेत?” त्यांनी विचारलं. त्याही मला मॅडमच म्हणायच्या.

मी सांगितलं. मग त्यांनी तारीख विचारली. मी तारीख सांगितली. घरीच का, त्यांनी विचारलं. घरीच, मी सांगितलं. त्या लिहून घेत होत्या हे आवाजावरून कळत होतं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, “कोडोलीच्या काकांचं कसं चाललंय? त्यांचं अजून बरं आहे ना?”

“दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही मॅडम,” त्या म्हणाल्या. “सॉरी.”

“नाही, बरोबर आहे,” मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी तो हातात घेऊन बसून राहिले. कोडोलीकरांचा नंबर माझ्याकडे आहे. वैनी भेटली की दर वेळी म्हणते, “लावा की फोन, इचारा.” मी लावते म्हणते. वैनी हल्ली दुसऱ्यांच्या घरचे घुंगरू आणून ओवते, पुढची खोली बंदच असते. मी अजून फोन लावलेला नाही. ते बरे असतील तर मला काय वाटेल ते मला ठाऊक नाही, आणि बरे नसतील तर काय वाटेल तेही ठाऊक नाही.